पायावरची आंगूळ

मी गुडगा चालायसाठी बदलला न्हाय. हे आदीच सांगून टाकते, म्हंजे मागनं कोनी शानपना शिकवायला यायला नगं. चालायचं काय कवतिक? सांगोल्याकडनं मेंढरं घिऊन निघायचं, घोड्यावर संसार बांदायचा, मोडनिंब म्हनू नगा, करकंब म्हनू नगा, भीमेच्या काठाकाठानं रानं पालथी घालायची. चालायची सगळी हौस फिटली. आता पोरगा शहाजी यष्टीत कंडक्टर हाय, मेंढरं इकली, आन् आमी दोगं म्हातारा-म्हातारी पोराजवळ सोलापुरात देगावच्या रस्त्याला येऊन ऱ्हायलो. हितं चालून जायचं तरी कुटं? वान्याच्या दुकानापतूर. त्येवढ्यासाठनं कोन हाड कापून घेतं का!

मी गुडगा बदलला लेकरासाठी.

न्हानं लेकरू न्हाऊ घालायचं म्हंजे पायावर. पाटावर बसायचं, लुगडं मांडीपतूर खोचायचं, पाय लांब सोडून दोनी नडग्या जुळवायच्या. नडग्यांच्या मदी जी खोलगट जागा व्हती, तीच लेकराची गादी. डोकं पावलांकडं, पाय आपल्या पोटाकडं. पालथं घाला, उतानं घाला, लेकरू हलत न्हाय. आदी आपल्या पायावर पानी वतून बगायचं, मग लेकरावर. करडईचं त्याल, हरभऱ्याचं पीठ, आन् वरनं कडक पानी. लेकरू टाहो फोडतंय, आन् धा मिंटात असं निपचित झोपतंय, की सांज व्हईपतूर घरात कोन हाय कोन न्हाय त्येला ठावं नसतंय.

शहाजी झाला तवा आमचा तळ करकंबकडं एका बागायतदाराच्या रानात व्हता. पाट न्हवता, न्हानी न्हवती. बांदावर एक चपटा दगड व्हता, त्यावर बसायची. उसाच्या पाचटावर पानी तापवायचं, त्येला धुराचा वास यायचा. समोर मेंढरं, वर आभाळ, आन् पायावर माजा शहाजी बोंबलतोय. बागायतदाराची आय लांबनं बगायची आन् म्हनायची, "केराबाई, तुज्या पायाला लेकरू चिकटतंय बग." आता डोळं मिटलं की पाचटाचा त्यो वास अजून येतोय. त्या दिसांत पोटभर खायाला मिळत न्हवतं म्हना, पन त्येंची याद आली की जीव कसा गोड व्हतो.

सोलापुरात आल्यावर गल्लीतली सगळी लेकरं माज्याच पायावर न्हाली. जंगमाचं, कोष्ट्याचं, मुल्लाचं, समद्यांचं. मुल्लाची सून तर म्हनायची, "दादीमा, तुमारे हात से नहाए तो बच्चा सोताच." लेकराला जात कुटं आसती!

मग पाय वाकलं. हळूहळू वाकलं, कळलं बी न्हाय. दोनी गुडगं भाईर गेलं, मदी ही येवढी फट. आमचं म्हातारं लई वात्रट. नाव मी घेत न्हाय, पन तुमाला कळावं म्हनून, धुळा. ते म्हनायचं, "तुज्या पायातनं बोकड पळून गेलं तरी तुला पत्ता लागायचा न्हाय." मी बी हसायची.

शेजारची चंद्रिका, दुधनीची. तिच्या नातवाला न्हाऊ घालत व्हते, आन् लेकरू मदल्या फटीत खाली बसलं. पडलं न्हाय. नुसतं खाली सरकलं, कंबर अडकली, लेकरू किंचाळलं. चंद्रिकानं उचललं, पुसलं, मला च्या दिला. दुसऱ्या दिशी मी पदर खोचून गेले, तर माज्या पाटावर दुसरीच बाई. पगारी. चंद्रिका म्हनली, "तुमाला तरास कशाला म्हनून बोलीवली की." मी म्हनलं, "बरं केलंस." आन् घरी येऊन भाकरीच्या पिठात तोंड घालून रडले. खोटं कशाला बोलू?

त्या आदी शहाजी चार वरसं माज्या मागं लागला व्हता, "आये, आप्रेशन करून घे." मी त्येला उभाच करत न्हवते. मग माजी नात ऋतुजा, शहाजीची पोरगी, पहिलटकरीन, बाळतपनाला म्हायेरी यायची ठरली. एक दिस सून पूनम फोनवर बोलताना मी ऐकलं, "आंगूळ घालायला चंद्रिकाकाकूंकडची बाई सांगून ठिवलीया."

त्याच सांजच्याला मी शहाजीला म्हनलं, "कुटला डाक्टर म्हनत व्हतास रं? चल."

पोरगं आ वासून बगाय लागलं. पूनम म्हनली, "आत्या, बरं वाटत न्हाय का?" म्हातारं म्हनलं, "हिला कोनी तरी करनी केली." का बदलतीस म्हनून इचारलं, तर मी म्हनलं, चालायला येत न्हाय. खरं सांगितलं असतं तर पूनमला वाईट वाटलं असतं, आन् म्हातारं हसलं असतं. म्हाताऱ्याचं हसनं मला त्या टायमाला सोसलं नसतं.

दवाखान्यात डाक्टरनं फोटू उजेडाला धरला. म्हनला, "आजी, साखर हाय, दोनी गुडगं एकदम झेपायचं न्हाय. आदी उजवा. डावा पुडं सवडीनं बघू."

"आन् उजवा सरळ व्हईल?"

"एकदम सरळ."

"आन् डावा तसाच वाकडा?"

"व्हय."

मी मनात हिशेब केला. एक सरळ, एक वाकडा, म्हंजे फट निम्मी. निम्म्या फटीतनं बी लेकरू खाली बसतंयच. पन डाक्टरला काय सांगनार? म्हनलं, करा.

आप्रेशनाला सुई दिली, कंबरंखालचं अंग मेलेलं, पन कान जित्तं. आत काय ती ठोकाठोकी! सुताराच्या दुकानात झोपल्यागत. मी आमच्या बिरुदेवाचं नाव घेत पडले. दुसऱ्या दिशी वाकर, ती धरून चालायची चौकट, हातात देऊन उभं केलं, तवा मात्र देवाचं सोडून दुसऱ्यांचंच नाव तोंडात आलं. ते हितं सांगन्यासारखं न्हाय.

व्यायाम घ्यायला धनलक्ष्मी नावाची पोरगी घरी यायची. पद्मशाल्यांची. घरात तेलुगू, त्यामुळं आकडं तेलुगूत मोजायची. मला अम्मा म्हनायची. टाचंखाली टावेलाची गुंडाळी ठिवून गुडगा खाली दाबायचा, ह्यो व्यायाम सगळ्यांत वंगाळ. डोळ्यांतनं पानी काडतोय. बाकीची मानसं म्हनं तो चुकवत्यात. मी उटल्यापासनं त्योच करायची.

"अम्मा, सगळे पेशंट विचारतात गुडघा वाकणार कधी, मांडी घालता येईल का," धनलक्ष्मी म्हनली. "तुम्ही एकट्याच विचारता, सरळ झाला का. असं का हो?"

"तुला काय करायचंय? मोज तू."

उजवा झाला सरळ. अगदी काठीवानी. हातानं चाचपून बगितला, खाट आन् पाय ह्यात बोट जाईना. आता डाव्याचं काय करायचं? तवा माज्या डोक्यात एक आलं.

कोकरू जलमताना पाय वाकडा निघाला, तर आमचं म्हातारं बांबूच्या कामट्या लावून, चिंधीनं आवळून बांदायचं. थोड्या दिसांत कोकरू टनाटन उड्या मारायचं. पाच गावांची मानसं त्येंच्याकडं कोकरं घिऊन यायची. मी म्हनलं, "अवं, माजा डावा पाय बांदा की."

"तू काय कोकरू हायस व्हय?"

"मी म्हनते म्हनून बांदा."

त्येंनी माज्या तोंडाकडं बगितलं. कुटनं तरी बांबू आनला, कामट्या तासल्या, चिंद्या फाडल्या. असा बांदला, असा बांदला, की माजा श्वास अडकला. मी लुगड्याखाली झाकून ठिवला. दुसऱ्या दिशी धनलक्ष्मी आली तवा पावलाची भाकरी झालेली, बोटं निळी. तिनं चिंद्या सोडल्या आन् जे तोंड सोडलं! "अम्मा, कोकराचं हाड कोवळं असतं! तुमचं पिकलंय! रक्त बंद झालं असतं! आजोबा, तुम्हाला तरी कळायला नको?" जलमभर कोनाचं ऐकून न घेतलेलं आमचं म्हातारं, पोरीपुडं मान खाली घालून उभं.

ती गेल्यावर म्हातारं खाटंवर बसलं. "आता सांग," म्हनलं. "सरळ पाय कशाला पायजे तुला?"

मग मी सांगितलं. चंद्रिकाचा नातू, पगारी बाई, पूनमचा फोन, सगळं. सांगता सांगता रडले. म्हनलं, "माजं दुसरं काय हाय वं? मला ना लिवता येतंय, ना वाचता. एवढंच येत व्हतं. माज्या नातीचं पोर दुसरीच्या पायावर न्हानार, आन् मी खाटंवर बसून बगू?"

हसतील असं वाटलं व्हतं. हसलं न्हाय. तंबाकू मळत भाईर गेलं.

ऋतुजाला पोरगी झाली. चांगली गुबगुबीत, रंग शहाजीवर. दवाखान्यातनं घरी आली, नाळ पडली, आन् पूनम मला इचारायला आली. चांगली हाय ती, माजी सून. मान राखून इचारलं, "आत्या, त्या बाईला उद्यापासनं या म्हनू का?"

मी म्हनलं, "म्हन."

दुसऱ्या दिशी सकाळी चुलीवर पानी तापत व्हतं. मी आतल्या खोलीत, खाटंवर. तोंड भितीकडं. पान्याचा आवाज आइकायचा न्हाय असं ठरिवलेलं, पन कान काय ऐकत्यात व्हय? तेवढ्यात म्हातारं दारात.

"उट."

"कुटं?"

"उट म्हनतोय न्हवं."

वाकर पुडं ढकलला. मागल्या अंगाला धुन्याचा कट्टा हाय आमचा, खुर्चीयेवढा उंच, लांबरुंद. त्येच्या चारी बाजूनं जुनं लुगडं बांदलेलं, वारं लागू नये म्हनून. कट्टा घासून लख. आन् म्हाताऱ्यानं धोतर मांडीपतूर वर खोचलेलं, पाय साबनानं धुतलेलं. साबन अजून कानाला बी लागलेला. मला कायच उमजंना.

"पूनम," म्हातारं म्हनलं, "त्या बाईला सांग, यायची गरज न्हाय. आमी हाव."

"मामा, पन आत्यांचा डावा पाय..."

"डावा मी हाय की."

आन् कट्ट्यावर चढून बसलं, पाय लांब करून. शेजारची जागा हातानं थोपटली. "बस हितं. तुजा नवा पाय हिकडं घे. ह्यो माजा."

अगं बया! सुनंपुडं, नातीपुडं, गड्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं? मी लाजंनं लालेलाल. पूनमनं तोंडाला पदर लावला, पन हसू काय पदरात मावतंय! ऋतुजा दारातनं वरडली, "आबा, पडंल वं ती! पुरुषमानसानं कुटं आंगूळ घालत्यात का?"

"वल्ली कोकरं काखंत मारून मी वडं वलांडल्यात," म्हातारं म्हनलं. "तुजी पोर पडती व्हय! आन हिकडं."

पूनमनं हात धरून मला कट्ट्यावर बसिवलं. मी माजा उजवा पाय त्येंच्या डाव्याला जुळवला. माजा पाय गोरा, सुजलेला, मदोमद टाक्यांचा उभा व्रन. त्येंचा काळा, वाळका, केसाळ. अंगठ्यापासनं गुडग्यापतूर एकाला एक बसला. मी मदी हात घालून बगितलं. फट न्हवती.

पोरीला ठिवली. पालथी घातली. ती जरा कुरकुरली, तोंड इकडं तिकडं केलं, आन् त्या दोन पायांच्या मदी गपगार पडली. मी तिच्या पाठीवर त्याल सोडलं. हात आपोआप चालाय लागलं, मान, खांदं, कंबर, टाचा. हाताला सगळं याद व्हतं.

आन् मला एकदम सुचलं, की लगनात पाटाला पाट लावून बसलो व्हतो, त्येच्या नंतर ह्येंच्या शेजारी अशी मी कदी बसलेच न्हाय. मेंढरं घिऊन हे म्होरं, घोडं घिऊन मी मागं. हे जेवायचं, मी वाढायची. सबंद जलम गेला. आन् आज उजेडात, लेकीसुनांच्या म्होरं, त्येंचा पाय माज्या पायाला.

पाय थरथराय लागला. पोरगी हलली.

"अवं, हलवू नगा की," मी म्हनलं.

"मी कुटं हलवतोय?" म्हातारं हळू आवाजात म्हनलं. "तुजाच हालतोय."

मी बगितलं. त्येंचा पाय दगडागत गप व्हता. माजाच हालत व्हता, नवा, लोखंडाचा. डोळ्यांतलं पानी पुसायला हात मोकळा न्हवता, दोनी हातांला त्याल. म्हाताऱ्यानं काय न बोलता धोतराचा सोगा माज्या तोंडावरनं फिरवला, सगळ्यांच्या देकत.

"पूनम," मी म्हनलं, "बगत काय बसलीस? वत की पानी. लेकरू गारटंल."