हरिबाबुवांची कातर

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे. तुमच्या दप्तरातली कागद कापायची कात्री माझी कोणी लागत असेल, तर फार लांबची भाची. मी मेंढ्यांची लोकर कातरणारी. रहिमतपूरच्या एका लोहाराने मला घडवले आणि माणच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या हरिबाने मला बाजारातून घरी नेले.

ते दिवस आठवले की आजही डोळे मिटावेसे वाटतात. मेंढी आडवी पाडायची, तिने जरा कुरकुर करायची आणि मी तिच्या अंगावरून सरकत जायचे. ऊबदार लोकरीचे ढीग पडत. मला वाटे, मी ढगच कातरते आहे. हलकी झालेली मेंढी उड्या मारत पळे आणि हरिबा तिच्याकडे बघून हसत बसे.

हरिबाच्या वाडीत हरणाबाई नावाची नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती. तिच्या डोक्यात जट झाली. केस गुंतून, चिकटून दोरखंडासारखे घट्ट झाले. सगळे म्हणाले, ही देवीची खूण, हिला फणी लावायची नाही. जट कापली तर घरावर कोप होईल. हिने संसार सोडून देवीची होऊन राहावे, असेही ठरू लागले. त्या ओझ्याने बिचारीची मान कलली होती.

हरिबा तिच्या सासऱ्यांना म्हणाला, “आवं, मेंढराच्या लोकरीत गुंता झाला तर आपण कातरून टाकतो. त्याला कुणी देवीची खूण म्हणतं का?”

सासऱ्यांनी सुनेला अंगणात आणून बसवले. हरिबाने मला हातात घेतले आणि जट कापून टाकली.

वाडीने कोपाची वाट पाहिली. पाऊस वेळेवर आला, म्हशी व्यायल्या, कोणालाही काही झाले नाही. मग गावोगावची बोलावणी येऊ लागली. हरिबा कीर्तन करू लागला आणि त्याचे हरिबाबुवा झाले. कीर्तनात ते विचारत, “देव दयाळू हाय म्हंता, मग त्यो लेकरांची मान कशाला मोडंल?” कीर्तन संपले की बायका घाबरत पुढे येत आणि मोकळ्या होऊन घरी जात. सातारा काय, सांगली काय, आम्ही खूप हिंडलो. काही गावांत शिव्या खाल्ल्या, एका गावात दगडही. बुवा मात्र दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघत.

बुवा गेले. भक्तांनी वाडीत मठ बांधला आणि मला लाल मखमलीवर, काचेच्या पेटीत ठेवले. हळद लावली, आरती केली. खरे सांगू? मला बरे वाटले. म्हातारपणी लाड कोणाला नको असतात? पण ती हळद माझ्या खिळ्यात मुरली, धार गेली आणि मला सारखी झोप येऊ लागली. झोपेत मला मेंढ्या दिसत. लोक येत, काचेला डोके टेकत आणि प्रसाद घेऊन जात. जट कापून घ्यायला कोणीच येईना.

यंदाच्या पुण्यतिथीला मी अशीच पेंगत होते. वाडीतल्याच बनाबाई आपल्या नातीला, शिवांजलीला घेऊन आल्या. पोर सहावीतली, डोक्याला ओढणी गच्च बांधलेली. बनाबाई मठ सांभाळणाऱ्या आप्पासोंना म्हणाल्या, “पोरीला जट आलीया. साळा बंद केली. बुवांच्या कातरीला डोकं टेकवून तिला देवीच्या नावानं सोडायची हाय.”

माझी झोपच उडाली. जटा कापण्यात जिचा जन्म गेला, तिचाच आशीर्वाद घेऊन जट राखायची! मला ओरडायचे होते. पण कातरीला ओरडता येत नाही, मित्रांनो.

आरतीला आलेल्या हरणाबाईंना मात्र येत होते. त्या आता पार थकल्या आहेत, आवाज तेवढा खणखणीत.

“आप्पासो, काच उघड.”

“आवं आत्ती, पवित्र कातर हाय ती. केसाला लावून बाटवायची व्हय?”

“माजी जट हिनंच कापली. तवा बाटली न्हाई, आता कशी बाटंल? आन् बने, माजं काय वाकडं झालं सांग की.”

बनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. “माज्या पोरीला काय झालं म्हंजे?” नातीवर त्यांचा फार जीव होता. म्हणूनच त्या इतक्या भ्यायल्या होत्या.

तेव्हा शिवांजली हळूच म्हणाली, “आज्जी, मला उताणं झोपता येत न्हाई गं. मान लय दुखती.”

बनाबाईंनी तिला जवळ ओढले. त्यांनी ओढणी सोडली, नातीच्या मानेवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. मग म्हणाल्या, “द्या ती हिकडं. मीच कापती.”

आप्पासोंनी काच उघडली. माझी हळद पुसली, समईतले तेल खिळ्यात सोडले, पायरीच्या दगडावर माझी पाती घासली. तरी मी बोथटच. कुरकुरत, अडखळत, पण सगळा जीव लावून मी कापत राहिले. जट खाली पडली. शिवांजलीने मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि खुदकन हसली.

आप्पासो मला पुन्हा पेटीत ठेवायला निघाले, तर बनाबाईंनी हात पुढे केला. “ऱ्हाऊ द्या. माज्या धाकट्या भैनीला बी जट हाय. उद्याच्या यष्टीनं जाती तिच्याकडं.”

मित्रांनो, हे सारे मी बनाबाईंच्या पिशवीतून सांगते आहे. एका बाजूला भाकरीची ऊब आहे, गाडी डुलते आहे, पण आज झोप येत नाही. कोणा थोर माणसावर तुमचे प्रेम असेल, तर त्याच्या वस्तूंना हार घालण्याआधी त्या कशाच्या कामाच्या होत्या, तेवढे विचारा. आणि जमले तर ते काम पुढे करा.

गाडी थांबली. थोडे चालून बनाबाई एका दारापुढे उभ्या राहिल्या आहेत. धाकटी बहीण हसून “ये बाई” म्हणते आहे. तिची मान एका बाजूला कलली आहे. बनाबाईंनी पिशवीत हात घातला आहे.