धाकटीचे फोटो

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. एका शिवणकामवालीची गोष्ट सांगते. गोष्ट एवढीशी, पण बाई अजून तिच्यात अडकलेली आहे.

बाई पन्नाशीची, हाताला कसब. स्वतः शिवलेले झगे अंगात घालून भाचीकडून फोटो काढून घ्यायची नि मोबाईलवर टाकायची. टाकण्याआधी मात्र बोटांच्या चिमटीने कंबर आत घ्यायची, गळ्याच्या सुरकुत्या पुसायची. आधी जरासंच. देवाने घडवताना हात थोडा आखडता घेतला असता तर अशीच झाले असते, ही मनाची समजूत. पण कौतुक वाढत गेलं तशी कंबर आटत गेली.

एका दुपारी दवाखान्यातली नर्स बाईच्या दुकानात आली. मोबाईल पुढे धरून म्हणाली, "ह्या कुठे आहेत? मला अगदी यांच्यासारखा झगा हवाय."

फोटोतली बाई समोरच उभी होती, पण नर्सला ओळख पटेना. बाईच्या तोंडून निघून गेलं, "ती माझी धाकटी बहीण. बाहेर गेलीय."

देवाने जी जन्माला घातली नव्हती, ती बाईने घातली.

आठ दिवसांनी नर्स नवा झगा घालून आरशापुढे उभी राहिली. बाई गुडघ्यांवर बसून घेर टाचत होती, ओठांत चार टाचण्या. झगा कसा चपखल बसला होता. नर्स मात्र पोटावरून हात फिरवत म्हणाली, "तुमच्या शिवणीत खोट नाही, ताई. माझ्याच अंगात आहे. आजपासून एक वेळचं जेवण बंद."

अगं, अशी कंबर माझीसुद्धा नाही, एवढंच बाईला सांगायचं होतं. पण सांगावं तर धाकटी खोटी, फोटो खोटे, नि उद्या चारचौघांत हसं. टाचण्या काढायला बोटं ओठांपर्यंत गेली, तशीच खाली आली. "हूं," बाई म्हणाली. टाचण्या तोंडात असताना तेवढंच म्हणता येतं.

धाकटीला नमस्कार सांगून नर्स गेली.

दुसऱ्या दिवशी भाचीने फोटो काढला. बाईने मनाशी ठरवलं, आज कंबरेला हात लावायचा नाही. पण त्या फोटोत तर दुकानातली थोरली उभी होती. नर्सने पाहताक्षणी ओळखली असती. बोटांची चिमूट पुन्हा झाली.

फोटो मोबाईलवर पडला नि पसंतीचा पहिला लाल बदाम नर्सचाच आला.

देवापुढे हात जोडाल तेव्हा, मायबाप, धाकटीपायी मुकी झालेल्या त्या थोरलीची तेवढी आठवण ठेवा.