पोटरीतून निघालेलं मूळ

दुकानाच्या काचेआड पावाचे दोन तुकडे मांडले होते. एकावर हिरवीकाळी बुरशी चढली होती. दुसऱ्यावर झाडाच्या सालीचा काढा शिंपडलेला. तो बारा दिवसांनंतरही कोराकरकरीत. लोक काचेला नाक लावून त्याचं दर्शन घेत होते.

"बुरशी म्हणजे काय? नको तिथे वाढणारी वस्तू," दुकानाचे मालक, सालवाले, समजावत होते. "आणि कॅन्सर? तोही नको तिथेच वाढतो. सख्खे भाऊ. एकाला मारलं की दुसरा खलास."

या न्यायानं माझ्या मेहुण्याचं पोटही त्याच घराण्यातलं.

टेबलावर बरण्या होत्या, प्रत्येकीत काळपट, चिवट गोळा. "ही पोस्टातल्या बाईंची गाठ. ही ड्रायव्हरची. वरून लेप लावायचा, पाचव्या दिवशी मुळासकट बाहेर. कापाकापी नाही." मागे पाटी: साल लावा, आयुष्याची सालं वाढवा.

रांगेत माझी वहिनी चौथी होती. तिच्या छातीतली सुपारीएवढी गाठ तपासणीत कॅन्सरची निघाली होती. "लवकर सापडलीय, काढली तर वाचाल," असं सांगून डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनसाठी गुरुवारची तारीख दिली होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी वहिनी लेपाची डबी घेऊन घरी आली.

"अहो, गुरुवारचं रद्द करून टाका," ती दादाला म्हणाली.

दादा चामड्याच्या कारखान्यात आहे. पंचवीस वर्षं हौदात कातडी उलटीपालटी करतोय. त्यानं डबी हुंगली. "ही तर आमच्या हौदातली साल. हिच्यात आम्ही कातडं कमावतो. मग त्याला बुरशी धरत नाही."

"म्हणजे गुण आहे की सालीत."

"आहे ना. पण आमच्याकडे येतं ते कातडं मेलेलं असतं."

मग त्यानं थोडा लेप बोटांत चोळला. "यात चुना आहे. केस उतरवायला आम्ही वापरतो, हा चटका मला ठाऊक आहे. कॉस्टिक सोडाही असणार."

"तुम्हाला जिकडेतिकडे हौदच दिसतो. त्या पोस्टातल्या बाईंची गाठ मी डोळ्यांनी बघितलीय."

"वहिनी, पण त्या बाई कुठे आहेत?" मी विचारलं.

"भावजी, तुम्ही मध्ये बोलू नका."

वाद घालण्यात दादा कच्चा. त्यानं पायजमा वर केला आणि डाव्या पोटरीवर लेप थापला.

"तिथे काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही. म्हणून तर लावतोय. माझं काय होतं ते बघेपर्यंत तू लावू नकोस, आणि गुरुवारचंही राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून तो लंगडत कामावर जाऊ लागला. मी पोस्टात चौकशी केली. त्या बाई चार महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. घरी येऊन सांगितलं, तर वहिनी म्हणाली, उशीर केला असेल त्यांनी.

बुधवारी दादाच्या पोटरीवरून काळं, कडक सालपट सुटलं. मागे तंतू लोंबत होते, पोटरीत खड्डा. ते सालपट घेऊन आम्ही तिघं दुकानात गेलो.

सालवाल्यांनी ते चिमट्यात धरून रांगेला दाखवलं. "ही मुळं बघा. पोटरीचा कॅन्सर. वाचलात, काका."

"किती जुना असेल?" दादानं विचारलं.

"तीन सालं तरी."

"तिथे काहीच नव्हतं. धडधाकट पोटरीला लेप लावला होता मी. काय होतं ते बघायला."

सालवाल्यांनी सालपट उलटून पाहिलं. "म्हणजे आत लपला होता. लेपानं शोधून काढला."

"मग आता तुमच्या पोटरीला लावू. तुमचाही शोधू."

सालवाल्यांनी पाय टेबलाखाली ओढून घेतले. वहिनीनं टेबलाखाली पाहिलं, मग दादाकडे.

"चला," ती म्हणाली. "उद्या उपाशीपोटी जायचंय."

गोष्ट एवढीच आहे. चुना आणि सोडा कातडी जाळतात, साल ती कमावते. बरणीत गाठ नसते, माणसाचंच चामडं असतं, आणि खरी गाठ आत बिनधास्त वाढत राहते. सालीला मी शिव्या देत नाही. काही झाडांच्या सालीतून कॅन्सरची खरी औषधं निघाली आहेत, पण नेमका अंश वेगळा काढून, मात्रा मोजून, वर्षानुवर्षं रोग्यांवर पारखून. पावावरची बुरशी फिनाईलनंही मरते. म्हणून कुणी फिनाईल पीत नाही.

तेव्हा चमत्कार दिसला की एकच विचारा: जिथे रोग नाही तिथे हे लावलं तर काय होईल? उत्तर मिळेपर्यंत डबी उघडू नका, आणि दवाखान्याची तारीख मोडू नका.