कच्चा नंबर

“लाल अक्षरं ना, डायवरभाऊ? मी वळखीन.”

पाच वर्षांपूर्वीचा तो आवाज मनसारामच्या कानात उठला, तेव्हा तो फडक्यानं रेडिएटरचं झाकण धरून हळूहळू फिरवत होता. वाफेचा लोट फुसकन वर आला. त्यानं तोंड बाजूला केलं, पण झाकण हातातून सुटलं आणि घरंगळत धुळीत गेलं.

“भाजलं का बे?” लच्छूनं वरून विचारलं. लच्छू म्हणजे लारीवरचा जुना हमाल. सागाच्या ओंडक्यांवर मांडी ठोकून तो तंबाखू मळत बसला होता.

“नाई.”

“मंग असा काऊन उभा? तापली लारी, आन् थंडा पडला तू.”

मनसाराम वाकला. झाकण उचललं, पुसलं, पुन्हा पुसलं. पुढं रस्त्याच्या कडेला मोहाचं झाड उभं होतं, त्याखाली पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. ते झाड त्यानं लांबूनच ओळखलं होतं. चामोर्शीच्या खालच्या अंगाची ही वाट त्यानं पाच वर्षं टाळली. शेठनं धाडलं तर पोट दुखतं म्हणाला, कधी बायकोचं दुखणं काढलं, एकदा तर नोकरी सोडतो म्हणाला. यंदा या वाटेचा ड्रायव्हर हिवतापानं पडला आणि बहाणे सरले. आणि लारीनं तापायचं ठिकाण निवडलं तेही हेच.

“पानी पाह्यजे,” तो म्हणाला. “गावातून आनतो.”

“चाल, मीबी येतो. बसून बसून माहा ओंडका झाला.”

दोघांनी एकेक डबा घेतला. लच्छू पुढं, मनसाराम मागं. वाट चार शेतांची होती, पण मनसारामला ती लांबच लांब वाटत गेली.

तेव्हा साल त्रेपन्न होतं. शेठनं नवी लारी घेतली ती गोदावरीपलीकडून, हैदराबाद राज्यातून. तिकडे म्हणे लवकर मिळत होती. लारी कसली, नुसता सांगाडाच. पुढं इंजीन, खाली चाकं, मागं उघडं लोखंड. बसायला एक लाकडी खोकं बांधलेलं. दोन नावा जोडून तिला सिरोंच्याच्या काठाला उतरवलं तेव्हा बघायला अर्धं गाव लोटलं होतं. पुढं एक फळी तारेनं आवळलेली, तिच्यावर लाल रंगात दोन अक्षरं आणि तीन आकडे. तिकडच्या कचेरीनं दिलेला कच्चा नंबर. शेठनं बजावलं होतं, “महिनाभराचा कागद आहे, मनसाराम. चांद्याला जाऊन पक्का नंबर पडेपर्यंत गाडीवर माणूस बसवायचा नाही, माल घालायचा नाही. पकडलं तर गाडी जाईल, आणि तूही जाशील.”

मनसारामची ती पहिली लारी. बापाचा जन्म तळ्यावर जाळं टाकण्यात गेला, आज्याचाही त्यातच. कुळात स्टिअरिंग धरणारा तो पहिला. धुळीपायी दुपट्ट्यानं सगळं तोंड बांधून, डोळे तेवढे उघडे ठेवून, तो त्या सांगाड्यावर राजासारखा बसून निघाला होता.

याच मोहाजवळ एक माणूस दोन्ही हात पसरून वाटेत उभा राहिला. पोचू. बाजेवर त्याची लेक, बुधरी. सोळा-सतरा वर्षांची. लाकडं फोडताना कुऱ्हाड नडगीवर बसली होती. पाय लाकडासारखा सुजलेला, पाल्यानं बांधलेला, वर माश्या.

“मूल गावच्या दवाखान्यात ने, भाऊ. बैलबंडीत हाडं खिळखिळी होते. तुही गाडी पवनावानी जाते.”

मनसारामनं फळीकडे बोट दाखवलं. नंबर कच्चा आहे, माणूस बसवता येत नाही, सरकारचा कायदा आहे, असं सगळं सांगितलं. ते खोटं नव्हतं. खोक्याशेजारी एका माणसापुरती जागा होती, हेही खोटं नव्हतं. त्या पायाचा वास नाकात शिरत होता आणि नव्या लोखंडाचा वास त्याला अजून पुरता घेऊन झाला नव्हता.

“दहा दिवस थांबा,” तो म्हणाला. “पक्का नंबर भेटला का माल घेऊन याच वाटेनं मूलले जाईन. तवा नेतो. शब्द देतो.”

बाजेवरची पोरगी कोपरांवर उठली. तिनं फळीकडे टक लावून पाहिलं. अक्षरओळख नव्हती, पाखराकडे पाहावं तसं पाहिलं. मग बोटानं हवेत ती अक्षरं गिरवली आणि ताप असूनही हसली. वळखीन म्हणाली.

नंबर बदलणार हे मनसारामला ठाऊक होतं. नंबर बदलायलाच तर तो चालला होता. पण ते तिला सांगायचं त्याला सुचलं नाही. तिथून निघायची घाई झाली होती, तेवढंच त्याला आठवतं.

पुढं दहाव्या दिवशी काय झालं, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

“हे पाय, हे पाय!” लच्छू थांबला होता.

गावाच्या तोंडाशी मेलेल्यांच्या नावाचे खांब रोवलेले होते. काही उन्हानं चिरलेले, काही वाळवीनं अर्धे खाल्लेले. जिवंतपणी ज्याचं जे होतं ते खांबावर कोरायचं, ही इथली रीत. कोणावर धनुष्य, कोणावर बैलजोडी, एका म्हातारीवर चिलीम. शेवटच्या बुटक्या खांबावर वर एक फणी होती, तिच्याखाली विळा, मग मोहाची टोपली. आणि सगळ्यांत खाली एक आडवी चौकट. चौकटीत दोन अक्षरं, तीन आकडे. त्यातला चार उलटा कोरलेला. खाचांत गेरू भरलेला होता, पावसानं पुसट झालेला.

मनसारामच्या हातातला डबा मांडीवर आपटला. एवढी वर्षं पोलीस येतील, शेठला कळेल, कोणीतरी वाट अडवेल, असं काही ना काही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. आपला गुन्हा कोणी असा लाकडात कोरून उभा केला असेल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

“मेल्यावरबी मोटार पाह्यजे का तुमच्याइथी?” लच्छू मोठ्यानं हसत म्हणाला. समोरच्या झोपडीतून एक म्हातारा बाहेर आला होता.

तो पोचू होता. कंबरेत वाकलेला, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यानं मनसारामकडे पाहिलं, लच्छूकडे पाहिलं, हातातले डबे पाहिले.

“पानी ना? घेऊन जाजा. बसा तं आधी.” मग आत तोंड करून म्हणाला, “सोमारी, लारीवाले आले.”

आतून गुणगुणणं ऐकू येत होतं ते थांबलं नाही. त्याची म्हातारी मोह निवडत होती आणि निवडता निवडता म्हणत होती,

मोह पडे मोह बाई, झाडाखाली सडा,
येचनारी कुठी गेली, टोपला उघडा.

“मोटार नव्हती तिची,” पोचू लच्छूला म्हणाला. त्याला राग आलेला दिसला नाही. “माह्या लेकीचा खांब आहे. एक डायवर तिले दवाखान्यात नेतो म्हनला होता. त्याच्या गाडीचा हा नंबर. तिनं कोळशानं भिंतीवर काढला होता, रोज पाहे. मेल्यावर मी तसाच कोरला. ते तिचंच होतं ना, मंग कोराच लागते.”

“आन् डायवर?”

“आला नाई.”

“हरामखोर,” लच्छू म्हणाला आणि थुंकला.

मनसाराम खाली बसला होता. त्यानं डब्याच्या कडीत बोट घातलं आणि ती फिरवू लागला. कडी कुरकुरत राहिली.

“तसं नको म्हनू, भाऊ,” पोचू म्हणाला. “आमी दहाव्या दिवशी तिले मोहाखाली नेलं. बसवलं. सकाळपासून तीन लाऱ्या गेल्या. एक तं हिरवी कोरी होती, सागवान भरलेली, झाडाजवळ येऊन हळूबी झाली. मी हात वर करून उठलो. पोरगी म्हने, बाबा, ही नाई, हिचा नंबर दुसरा आहे. मी हात खाली केला.”

“अरे, कोनतीबी लारी थांबवाची ना!”

“कशी थांबवाची? एकानं हो म्हनल्यावर दुसऱ्याले हात दाखवाचा नाई. पैल्याचा शब्द मोडते. तो आला अन् आमी दुसऱ्यासंगं निघून गेलो, तं त्याले काय वाटंल?” पोचूनं डोळा पुसला, त्या डोळ्यातून तसंही पाणी वाहत होतं. “अजून दोन दिवस पाह्यलं. मंग बंडीत घातलं. नदीपर्यंत पोचलो. तिथंच रेतीत जीव गेला तिचा.”

 तंबाखूची मळलेली चिमूट लच्छूनं तोंडात न टाकता तशीच मुठीत धरली.

सोमारी बाहेर आली. तिनं पाण्याचा हंडा दोघांमध्ये ठेवला, मग सुपातले मूठभर तांदूळ घेऊन खांबाकडे गेली. खांबाच्या बुडाशी तिनं तांदळाची एक चिमूट सोडली. हातभर सरकून, नुसत्या जमिनीवर, दुसरी सोडली.

“ते दुसरे कोनाचे, बाई?” मनसारामनं विचारलं. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

“त्या डायवरचे,” ती म्हणाली.

“मेला असंल बिचारा,” पोचू म्हणाला. “जवान होता. तोंड बांधलं होतं, पन डोळे चांगल्या मानसाचे होते. नाईतर शब्द देऊन कोन येत नाई? घाटात पडला असंल, नाईतं नदीत. त्याच्या मानसाईले ठाव तरी लागला का नाई, कोन जाने. कोनीतरी तांदूळ टाकाले पाह्यजे ना? लेकीसंगं त्याच्याबी नावानं टाकतो. पाच साल झाले.”

मनसाराम त्या दुसऱ्या चिमटीकडे पाहत राहिला. कुठूनशी एक चिमणी उतरली, दोन दाणे टिपून उडाली. लच्छूनं हंडा उचलून पहिला डबा भरला, दुसरा भरला.

“चाल रे,” तो हलकेच म्हणाला. “थंडी झाली असंल गाडी.”

मनसाराम उठला. डबा उचलला आणि चार पावलं चालला. खांबापाशी त्याचे पाय थांबले. आता गेलो तर ही दोन म्हातारी माणसं जन्मभर आपल्याला चांगलं म्हणतील, आपल्या नावानं दाणे टाकतील. आणि सांगितलं तर त्यांच्याकडे एवढाच जो दिलासा उरलाय, तोही आपणच घेऊन जाऊ. त्यानं हे मनात एकदा उलटं करून पाहिलं, एकदा सुलटं. कुठूनही ते सारखंच जड होतं. त्यानं डबा खाली ठेवला. पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडलं.

“बाबा, तो डायवर मेला नाई,” तो म्हणाला. “तो मीच. ते हिरवी लारी माही होती, सांगाड्यावर बॉडी चढली होती, नंबर बदलला होता. मी तिले बसलेलं पाह्यलं. पाय बिरेकवर होता माहा. मंग तुमी हात खाली केला, आन् मले बरं वाटलं. म्हनून गेलो.”