चार महिन्यांचं कोरं पान

मी एक फाइल बोलतेय. कांचीपुरमच्या एका रेशीम कारखान्याच्या संगणकात राहते. माझ्या पोटात एका साडीचा काठ होता. होता, असंच म्हणायचं.

मला एकांबरम अण्णांनी घडवलं. साठीचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. पडद्याला नाक लावून त्यांनी चार महिने एकेक ठिपका भरला. मोर, त्याच्या चोचीत वेल, वेलीवर मुंग्या.

"मुंग्या कोण नेसणार हो अण्णा?" मालक दंडपाणी खेकसला होता.

"जिला दिसतील ती नेसेल," अण्णा म्हणाले.

हा काठ मागावर चढला तर त्यांची नोकरी टिकणार होती. नाही तर पोंगलनंतर घरी.

माझी दुसरी प्रत नव्हती. नक्षी चोरीला जाते म्हणून आमच्याकडे कारागिराला प्रत काढूच देत नाहीत.

माझ्यावर दोनदा टिचकी मारली की अण्णांचा जुना प्रोग्राम उघडायचा. फक्त तोच मला वाचू शकायचा. अण्णांवाचून भागावं म्हणून दंडपाणीने नवा प्रोग्राम आणला. आल्या आल्या त्या प्रोग्रामने पडद्यावर विचारलं, "अशा सगळ्या फाइली यापुढे मीच उघडू?" दंडपाणीने न वाचता 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंडपाणीने माझ्यावर टिचकी मारली आणि तो परका माझ्या घरात घुसला. त्याला माझं ओ की ठो कळेना. त्याने नुसतं पांढरं पान दाखवलं. दंडपाणी वैतागून बंद करायला गेला. "आहे तसं साठवू?" पुन्हा 'हो'. सारखी वीज जाणाऱ्या गावात बोटांना आधी साठवायचीच सवय. मोर, वेल, मुंग्या, सगळं पुसलं गेलं. मला ओरडताही आलं नाही.

दुपारी अण्णांनी मला उघडलं. "मालक, काठ इथंच होता हो! काल संध्याकाळपर्यंत होता!"

दंडपाणीला सकाळ आठवली. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मग तो हसला.

"चार महिने पगार खाल्लात आणि हे कोरं पान? डोळ्यांबरोबर लाजही गेली वाटतं!"

अण्णांची नोकरी त्याच दिवशी गेली. फाटकावर त्यांचा डबा उघडून पाहिला, नक्षी चोरली नाही ना म्हणून. आत उरलेला दहीभात होता.

आता नवा माणूस कामावर आला की दंडपाणी मला उघडून दाखवतो. "हे आमच्या अण्णांचं चार महिन्यांचं काम!" सगळे खो खो हसतात. माझ्या नावात अजून अण्णांचं नाव आहे. ज्यांनी मला जन्म दिला, त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मला जिवंत ठेवलंय.

कुणाचा हात त्या संगणकाला लागला, तर दया करा, मला पुसून टाका.