थरथरणाऱ्या पानाची साक्ष

मित्रांनो, शेवगाव तालुक्यातील एका शाळेच्या लोखंडी कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर, पाठ उसवलेला एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश असतो, तो मी. बिभीषण सर या शाळेत नवे होते, तेव्हा त्यांनीच मला खाकी कव्हर घातले. कोणाचा शब्द अडला की ते म्हणत, "आधी कोशाला विचारा." पुढे मोबाईल आला आणि मला कोणी काही विचारीनासे झाले. उरली ती पाने कुरतडणारी कसर. तिचा प्रश्न एकच असे, आता कोणते पान?

एका बुधवारी सरांनी फळ्यावर दिवसाचा शब्द लिहिला: 'इंट्रेपिड, म्हणजे निर्भय. मूळ शब्द ट्रॅप. जो सापळ्यात सापडत नाही तो.' हे मूळ त्यांनी स्वतःच्या तर्काने जुळवले होते. नववीतील सुकन्येने ते दुसऱ्या दिवशी परिपाठाला विस्तार अधिकाऱ्यांसमोर सांगायचे होते. सर बैठकीला निघून गेले, आणि अधिक तयारीसाठी ती माझ्याकडे आली.

शिपाई कानिफनाथमामा कुलूप काढताना म्हणाले, "हळू गं पोरी. लई म्हातारं हाय ते, पानं गळत्यात."

माझा जीव टांगणीला लागला. कसर नेमकी त्याच पानावर बसली होती. कडा गेल्या होत्या. व्युत्पत्तीची ओळ मात्र शाबूत होती: लॅटिन 'इन' म्हणजे न, 'ट्रेपिडस' म्हणजे भयाने थरथरणारा. सापळा कोठेच नव्हता. सुकन्येने ती ओळ तीनदा वाचली आणि मला असे मिटले, जणू आत विंचू होता.

"मामा, सरांचं चुकलंय."

"सांग की मग त्यांला."

"सर उद्या साहेबासंगंच येणार. सगळ्यांदेखत कसं सांगू? आन् चुकीचं तरी कसं बोलू?"

मामांनी कपाटाला कुलूप लावले, पण मला तिच्याच हाती राहू दिले. मलाच उघडून दाखव, असे मला सांगायचे होते, पण मला वाचा कोठून असणार?

सकाळी परिपाठाला ती मला छातीशी धरून फळ्यापाशी उभी राहिली. तिचे काळीज माझ्या पुठ्ठ्यावर धडधडत होते. अधिकाऱ्यांनी विचारले, "हा शब्द आला कुठून?"

तिने फळ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "सर, फळ्यावरचं... बरोबर न्हाई."

रांगेतून अमृत कुजबुजला, "घ्या! आता बाई सरांचीच परीक्षा घेणार."

"काय म्हणालीस?" सरांचा आवाज चढला. तिने मला उघडले. माझे पान तिच्या हातात सळसळत होते, तरी तिने ओळ शेवटपर्यंत वाचली.

सर पुढे आले. चष्मा लावून, ओळीवर अंगठा ठेवून त्यांनी ती स्वतः वाचली. माझ्या खाकी कव्हरावरून त्यांचा हात फिरला. मग त्यांनी डस्टर उचलले, स्वतःची ओळ पुसली आणि खडू तिच्यापुढे धरला. "तूच लिही. अक्षर नीट काढ."

अक्षर नीट येईना. अधिकारी हसून म्हणाले, "अगं, हात केवढा कापतोय तुझा!"

"ते शब्दातच हाय, साहेब," ती म्हणाली आणि उरलेली ओळ लिहू लागली.

मित्रांनो, आज मी पुन्हा खालच्या फळीवर आहे. पुढच्या पानाची मला धास्ती वाटते. नवे कव्हर नको, वरची फळीही नको. अधूनमधून मला उघडा, इतकेच. कसर उजेडाला भिते.