थांबलेली बारी

"हाई डबं मन्ही बारी खाई गयं!" म्हणत फुलवंताबाईंनी गोणपाटात गुंडाळलेली पेटी दुकानाच्या काउंटरवर आपटली.

रिषभभाऊंनी मोबाइलवरून मान वर केली. "सावकाश, मावशी. नवी पेटी आहे."

"नवी शे म्हनीसन काय तिनी आरती करू? काल सहा तासनी बारी व्हती मन्ही. दोन तास पानी उनं, मंग लाईट गयी. चार तासथून लाईट उनी, तवय डबं म्हने, तुन्ही बारी सरनी, आते भिलाभाऊनी. मन्ही केळी सुकी ऱ्हायनी, भाऊ!"

आमच्या कळसाडीत सात घरांची मिळून एक विहीर आणि एकच मोटार आहे. मोटारीवरून भांडणं नकोत म्हणून सातही घरांनी ही पेटी घेतली. ज्याची बारी त्याचा दिवा लागतो, वेळ भरली की मोटार बंद पडते, मग पुढच्याने आपली चावी लावायची. पेटी बनवली सुरतच्या एका कंपनीने आणि विकली शहाद्याच्या आमच्या दुकानाने.

रिषभभाऊंनी कंपनीचं पुस्तक उघडलं. "पेटी बरोबर चाललीय, मावशी. सहा तास म्हणजे सहा तास. घड्याळ कुणासाठी थांबत नाही."

मी मागे खिडकीजवळच्या टेबलावर मोटारीच्या एका स्टार्टरला कथिलाचे टाके मारत होते. मला राहवलं नाही. "घडी नही थांबत, पन बारी थांबस, रिषभभाऊ. लाईट गयी का बारी बी थांबस. आम्हना गावमा बारी पानीनी मोजतस."

"शीलाताई, तुम्ही सोल्डरिंग बघा," ते म्हणाले. "एक तारखेला सुरतहून इंजिनिअर कामाला येतोय, तो बघेल. आणि हो, तेव्हापासून ते टेबल त्याला लागेल. तुम्ही पुढे पॅकिंगला बसा."

हे त्यांनी गिऱ्हाइकासमोर सांगितलं. सोळा वर्षं मी त्या टेबलावर बसले होते. रिषभभाऊंचे वडील पारसमल शेठजी यांनी मला बारावी पास पोरगी म्हणून बिलं लिहायला ठेवलं होतं. जळलेले बोर्ड उघडून उघडून मी आपली आपण शिकले आणि टेबल मिळवलं. ते आता सर्टिफिकेटवाल्याला द्यायचं आणि मी खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या! राग इतका आला की कथिलाचा थेंब बोटावर पडला तरी कळलं नाही.

रिषभभाऊंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. म्हणजे ठाऊक होती, पण त्यांनी ती हसण्यावारी नेली होती. तीन वर्षं मी कळसाडी ते शहादा एसटीत मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकत होते. एकदा एका चिपचा नंबर शोधता शोधता एका पानावर पोचले. तिथे रस्ट नावाच्या भाषेचं अख्खं पुस्तक फुकट ठेवलेलं होतं. रस्ट म्हणजे गंज. मोटारीच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला गंजाची काय भीती? पुस्तक इंग्रजी, माझं इंग्रजी यथातथा. पहिलं पान वाचायला मला चार दिवस लागले. मग पुस्तकाच्या सोबतीला आणखी काय काय सापडत गेलं. मुद्दाम मोडून ठेवलेले छोटे प्रोग्राम होते, ते दुरुस्त करत पुढे जायचं. मोबाइलवरच लिहून चालवून बघता येईल असं एक पान होतं. अडलं तर विचारायला जगभरच्या माणसांचा एक कट्टा होता. तिथे ब्राझीलच्या एका माणसाने माझ्या अडाणी प्रश्नाला पानभर उत्तर लिहिलं. ना ओळख ना पाळख. मी आभार मानले तर म्हणाला, मलाही असंच कुणीतरी सांगितलं होतं.

त्या भाषेचा एक नियम सगळ्यांना म्हणे फार जड जातो. मला तो एसटीच्या एका फेरीत कळला. एक वस्तू एका वेळी एकच जण बदलू शकतो. तो बदलत असेपर्यंत बाकीच्यांनी हात लावायचा नाही. ही तर आमची विहीरच की! मी वहीत त्या नियमापुढे लिहिलं, 'बारी'.

रिषभभाऊंनी एकदा ती वही पाहिली होती. "फुकट ते पौष्टिक का, शीलाताई?" म्हणून सगळ्या दुकानाला हसवलं होतं.

आता मी सरळ उठून शेठजींच्या गादीपाशी गेले. "शेठजी, हाई पेटी मले द्या. एक तारीखना आत चालू करी देस."

"वॉरंटी जाईल!" रिषभभाऊ मागून ओरडले.

"मन्ही बारी गयी, आते वॉरंटीनं काय लोणचं घालू?" फुलवंताबाई म्हणाल्या.

शेठजी हसले आणि मग मुलाकडे बघून त्यांनी हसू आवरलं. "कंपनी रो बोर्ड मत छेड, शीलाबाई. थारो लगाव," एवढं हळूच मारवाडीत म्हणाले. मला तेवढं पुरे होतं.

कंपनीचा बोर्ड मी काढून कागदात गुंडाळून ठेवला आणि माझ्या खणातला शिकायला आणलेला बोर्ड बसवला. जेवणाच्या सुट्टीत आणि एसटीत प्रोग्राम लिहिला. पाणी चालू असेल तरच वेळ मोजायचा, लाईट गेली की किती बारी उरली ते लिहून ठेवायचं आणि लाईट आली की तिथूनच पुढे. गुरुवारी पेटी विहिरीवर लावली. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती, त्यामुळे सातही घरं तमाशा बघायला हजर. माझे यजमान नवनीत साखर कारखान्यात कामाला, तेही सुट्टी टाकून आले.

तासाभराने लाईट गेली. परत आली, तेव्हा दिवा फुलवंताबाईंचा लागायचा तो लागला भिलाभाऊंचा.

"शीलानी पेटी मन्हा कडथून शे भो!" भिलाभाऊ मांडी थोपटत म्हणाले. सगळे हसले. नवनीत हसले नाहीत, पण जमिनीकडे बघत राहिले. ते मला जास्त लागलं. फुलवंताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या वावराकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी प्रोग्राम ओळीओळीने वाचला. चूक माझीच होती आणि तीही साधी नव्हे, हट्टाची. ही भाषा चूक झाली की सासूसारखे टोमणे मारत नाही. कुठे चुकलं, का चुकलं, काय करून बघ, सगळं सांगते. मला तिने पिवळ्या अक्षरांत बजावलं होतं की, उरलेली बारी लिहून ठेवायला सांगितलीस, पण ती लिहिली गेली का ते विचारलंच नाहीस. आणि मी घाईत एक ओळ टाकून तिचं तोंड बंद केलं होतं. लिहिण्याआधीच वीज संपत होती, म्हणून काहीच लिहिलं जात नव्हतं. लाईट आली की पेटीला उरलेली बारी शून्य दिसायची आणि ती पुढच्याचा दिवा लावायची. दुकानात मला 'तुम्ही सोल्डरिंग बघा' म्हणून गप्प करतात म्हणून मी चिडते, आणि मी तरी काय वेगळं केलं होतं?

ती ओळ खोडली. दर मिनिटाला बारी लिहायची, मग लिहिली गेली का ते वाचून बघायचं, नसेल तर परत लिहायची. रविवारी पेटी पुन्हा लावली. लाईट तीनदा गेली आणि तीनदा आली. तिन्ही वेळा दिवा फुलवंताबाईंचाच लागला. तिसऱ्यांदा त्यांनी उठून बघितलंसुद्धा नाही. बांधावर बसून भाकर खात होत्या, खातच राहिल्या.

सोमवारी रिषभभाऊंनी मला स्वतःहून खुर्ची दिली, तेव्हाच मी समजले की यांचं काहीतरी काम आहे.

"चांगलं केलंत तुम्ही," ते म्हणाले. "आपण हे दुकानाच्या नावाने काढू. तालुक्यात अशा शंभर विहिरी आहेत. फक्त प्रोग्रामवर नाव इंजिनिअरचं घालावं लागेल. लोक विचारतात, कोणी बनवलं? सर्टिफिकेट लागतं. तुमच्याकडे काय आहे?"

"मन्हाकडे चालणारी पेटी शे."

"ताई, समजून घ्या. आणि तो प्रोग्राम कुणाला दाखवू नका."

"तो ते आधीच दखाडी टाकेल शे." मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "सकायले एसटीमाच कट्टावर टाकेल शे. जगमा कोनीबी घ्या, वापरा, बदला. मी फुकट शिकनू, ते फुकट दिन्हं. वर मन्हं नाव शे, ते तेवढं राहू द्या."

ते लाल झाले. "मग टेबलाचं विसरा."

"रिषभ," शेठजी गादीवरून एवढंच म्हणाले. म्हातारपणी घरात शब्द चालेनासा झाला की माणूस असाच अर्ध्यावर थांबतो.

मी विसरले नाही, मी उठले. सोल्डरिंगची कांडी माझी होती, भिंग माझं होतं, वही माझी होती. तेवढं पिशवीत घातलं. पॅकिंगची चिकटपट्टी रिषभभाऊंच्या हाताशी सरकवली आणि पायऱ्या उतरले. स्टँडवर येईपर्यंत ताठ होते. एसटीत बसल्यावर मात्र रडले. सोळा वर्षांचं टेबल होतं, का नाही रडणार?

आता घरी शिलाई मशीनच्या फळीवर काम करते. फुलवंताबाईंनी आपल्या माहेरची पेटी आणून दिलीय. भिलाभाऊंनी आपल्या मेहुण्याची आणली आणि वर म्हणाले, "यानामा तरी मन्हा दिवा लाव!"

तीन तारखेला दुपारी कट्ट्यावर माझ्या नावाने एक प्रश्न आला. लिहिणारा सुरतचा, नुकताच शहाद्यात नोकरीला लागलेला. 'मॅडम, तुमच्या प्रोग्राममध्ये एका ओळीवर मराठीसारखं काही लिहिलंय, *लाईट गयी ते बारी थांबाडनी*. मला ते कळत नाहीये. इथले धाकटे शेठ म्हणतात, त्याची गरज नाही, ओळ काढून टाक. काढू का?'

मी फोन खाली ठेवला. माझ्या खिडकीजवळ, माझ्या टेबलावर बसून त्याने हे लिहिलं असणार. दुपारी तिथे ऊन डाव्या हाताला येतं, पडदा ओढून घ्यावा लागतो. त्याला ते कुणी सांगितलं असेल का, असं उगाच मनात आलं.

मग लिहायला घेतलं. काढू नका, म्हटलं. लाईट जाते तेव्हा काय होतं, सहा तासांची बारी म्हणजे काय, फुलवंताबाईंची केळी का सुकली, पिवळी अक्षरं मी कशी दडपली आणि काय झालं, सगळं पानभर लिहिलं. पडद्याचंही लिहिलं. शेवटी खाली पूर्ण नाव घातलं, शीला नवनीत चौधरी, कळसाडी.